जुन्या गाडीचा ऑइलचा दिवा: आधी थांबा, मग मोजा, उघडायचं शेवटी

पिपलानी, बरखेडा, गोविंदपुरा या भोपाळच्या भेल कारखान्याच्या वस्त्यांत आणि निवृत्तीनंतर आनंदनगर, अवधपुरीकडे बांधलेल्या घरांच्या पोर्चमध्ये अजूनही एखादी पद्मिनी किंवा ॲम्बॅसडर कापडी कव्हरखाली उभी दिसते. वडिलांनी नंबर लावून, वाट पाहून घेतलेली गाडी मराठी घरातून सहसा विकली जात नाही. ती चालवणाऱ्या मुलांचा, आता नातवंडांचाही, एक प्रश्न मात्र पुन्हा पुन्हा येतो. सांचीला जाऊन आलो, गाडी छान पळाली, पण परतताना सिग्नलला ऑइलचा लाल दिवा लुकलुकायला लागला. मिस्त्रीनं बोनेट उघडून कान लावला आणि निकाल दिला, ‘बेरिंग गई, हाफ इंजन करना पडेगा.’ म्हणजे क्रँक-बेअरिंगचं मोठं काम. तर करून घ्यावं का?

माझं उत्तर असतं, आकडा पाहिल्याशिवाय नाही. बेअरिंग खरंच गेली असेल. पण एका साध्या स्विचनं, चुकीच्या ऑइलनं किंवा कचऱ्याच्या एका कणानंही नेमका असाच दिवा लागतो. यातलं काय घडलंय ते इंजिन न उघडता बरंचसं कळू शकतं. त्यासाठी एक गेज, एक दुपार आणि थोडा धीर लागतो.

दिवा लागलेलाच असेल तर

दोन परिस्थिती वेगळ्या ओळखा. गरम गाडी उभी असताना दिवा लुकलुकतो आणि ॲक्सिलरेटर जरासा दाबताच विझतो, ही झाली पहिली. ती तपासायला तुमच्याकडे वेळ आहे. गाडी पळत असताना दिवा लागला आणि तसाच राहिला, ही दुसरी. तिथे वेळ अजिबात नाही.

- क्लच दाबा, गाडी न्यूट्रल करा, वेगाच्या जोरावर कडेला घ्या आणि इंजिन बंद करा.
- ‘घर दोन किलोमीटरवर आहे, जाऊ हळूहळू’ असं करू नका. तेलाविना बेअरिंगचा मऊ धातू काही मिनिटांत वितळून क्रँकला चिकटतो. मग हाफ इंजिनवर भागत नाही.
- दहा मिनिटांनी डिपस्टिक पाहा. ऑइल कमी असेल तर भरा, स्टार्ट करा आणि दिवा चार-पाच सेकंदांत विझतो का ते बघा. विझला नाही तर गाडी टो करून आणा.
- ऑइल पुरेसं आहे आणि तरी दिवा लागलाय, तर पुन्हा स्टार्ट करून बघण्याचा मोह टाळा.

पिपलानीतल्या वाचकांना हे पटवावं लागू नये. १९५६ मध्ये हेवी इलेक्ट्रिकल्स म्हणून सुरू झालेल्या आणि १९७४ मध्ये भेलमध्ये विलीन झालेल्या या कारखान्यात टर्बाइन-जनित्रावर काम केलेल्या कुणालाही विचारा. बेअरिंगच्या तेलाचा दाब ठरलेल्या मर्यादेखाली गेला की मशीन आपोआप ट्रिप होतं. तुमच्या पद्मिनीला ती सोय नाही. तिथे ट्रिप तुम्हीच करायचं असतं.

दिवा किती सांगतो

फार थोडं. ब्लॉकवर बसवलेला प्रेशर स्विच साधारण ५ पीएसआयच्या आसपास आपली जागा बदलतो. त्याखाली दिवा लागतो, वर विझतो. म्हणजे दिवा विझलेला असताना दाब ८ आहे की ५० हे तुम्हाला कळत नाही. दिवा लागलेला असतानाही दाब खरंच पडलाय की स्विच बिघडलाय, हे कळत नाही. ज्या ॲम्बॅसडरांच्या डॅशबोर्डवर ऑइलचा काटा आहे त्यांचं बरं आहे, पण इतक्या वर्षांनी त्या काट्यावरही डोळे मिटून भरवसा ठेवू नका.

पुढच्या तपासणीसाठी एकच तत्त्व लक्षात असू द्या. पंप फक्त ऑइल ढकलतो. दाब तयार होतो तो ऑइलला बेअरिंगच्या अरुंद फटीतून जाताना होणाऱ्या अडथळ्यामुळे. म्हणून दाब कमी होण्याची कारणं तीनच प्रकारची: पंपापर्यंत किंवा पंपातून पुरेसं ऑइल येत नाही, ऑइल पातळ झालंय, किंवा ते कुठून तरी जास्त मोकळेपणानं निसटतंय. पुढची सारी तपासणी म्हणजे या तिन्हींतून एकेक वगळत जाणं आहे.

आधी घरच्या घरी

गाडी सपाट जागी, रात्रभर उभी राहिल्यानंतर हे करा.

१. इग्निशन ऑन, इंजिन बंद: दिवा लागला पाहिजे. नाही लागला तर बल्ब, वायर किंवा स्विच मेलेला आहे. लुकलुकणाऱ्या दिव्यापेक्षा हा दोष जास्त धोक्याचा, कारण खरा दाब पडेल त्या दिवशी तुम्हाला कुणी सांगणारच नाही.

२. स्विचची वायर काढा: दिवा विझला पाहिजे. तरीही लागलेलाच असेल तर वायरीचं वेष्टण कुठेतरी उडून ती बॉडीला टेकते आहे. चाळीस-पन्नास वर्षांच्या वायरिंगमध्ये यात नवल नाही.

३. डिपस्टिकवर पातळी बघा, मग तिचा वास घ्या. पातळी न भरता वाढलेली असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल तर ऑइलमध्ये पेट्रोल उतरतंय. एक थेंब वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर टाका. काळ्या ठिपक्याभोवती पातळ, फिकट कडं झपाट्यानं पसरलं तर संशय पक्का समजा. आणि ऑइल काढेपर्यंत इंजिन सुरू करू नका.

४. रंग बघा. दुधाळ, कॉफीसारखं ऑइल म्हणजे पाणी मिसळलं आहे, बहुधा हेड गॅसकेटमधून. गाडी चालवू नका. मात्र पावसाळ्यात किंवा डिसेंबर-जानेवारीत फक्त फिलर कॅपच्या आतल्या बाजूला थोडी पिवळट साय जमली असेल आणि डिपस्टिक स्वच्छ असेल, तर ती जवळच्या जवळ फिरवलेल्या गाडीतली वाफ आहे. त्यासाठी घाबरायचं कारण नाही.

५. शेवटचं ऑइल कोणतं आणि कधी टाकलं, ते बिल शोधा. हे नेहमी राहून जातं आणि दोष नेमका तिथेच निघतो.

या पाचव्या मुद्द्यावर जरा थांबतो. पद्मिनीचं १,०८९ सीसीचं आणि ॲम्बॅसडरचं १,४८९ सीसीचं इंजिन ज्या काळात घडलं, त्या काळातल्या फटी आजच्या गाड्यांपेक्षा सैल असत. आज सर्व्हिस स्टेशनला जे ऑइल हाताशी असतं ते बहुतेक ५ डब्ल्यू ३० किंवा त्याहूनही पातळ. नव्या गाडीला ते योग्य आहे. तुमच्या गाडीत, भोपाळच्या मे महिन्यात पारा ४२-४३ वर असताना, ते आयडलला दिवा लावणारच. या इंजिनांना २० डब्ल्यू ४० किंवा २० डब्ल्यू ५० मिनरल ऑइल द्या. ऑइल आणि फिल्टर बदलून पुन्हा बघा. दिवा गेला तर इथेच थांबायला हरकत नाही, पण एकदा खालचा आकडा नक्की घ्या.

गेज लावून मोजा

मेकॅनिकल प्रेशर गेज म्हणजे ० ते १०० पीएसआय किंवा ० ते ७ किलोग्रॅम प्रति चौ. सेंमी.चा काटा आणि त्याला जोडलेला होज. डिझेल पंपाचं किंवा ट्रॅक्टरचं काम करणाऱ्या गॅरेजमध्ये तो असतो. स्विच काढून त्या जागी गेज बसवायचा. आटे जुळणारा ॲडॉप्टरच वापरा. ब्रिटिश वंशाच्या इंजिनाचे आटे आणि इटालियन वंशाच्या इंजिनाचे आटे सारखे नसतात. जोर लावून बसवलं तर ब्लॉकचे आटे जातील आणि नवंच दुखणं होईल.

मोजणी थंड आणि गरम, दोन्ही हवी.

- थंड इंजिन सुरू करून आयडलचा आकडा लिहा.
- गेज काढून स्विच पुन्हा बसवा आणि रायसेन रोडनं पंधरा-वीस किलोमीटर गाडी पळवून आणा. नुसती उभी ठेवून गरम केलेली गाडी चालत नाही, कारण पाण्याचा काटा वर आला तरी ऑइल गरम व्हायला जास्त वेळ लागतो.
- परत येताच गेज लावा. सायलेन्सरच्या बाजूनं होज नेऊ नका आणि हाताला चटका बसणार नाही असं बघा.
- आयडल, मग १,०००, २,००० आणि ३,००० आरपीएम असे आकडे घ्या. गाडीत आरपीएम मीटर नसेल तर ट्यूनिंग करणाऱ्याकडचं मीटर लावून घ्या. कानावर अंदाज करू नका.

गेज काढल्यावर स्विच बसवताना आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. स्विचला अर्थिंग त्या आट्यांतूनच मिळतं, टेपमुळे ते तुटतं आणि दिवा कायमचा गप्प होतो. टेपचा तुकडा आत गेला तर तो वेगळाच त्रास.

आकडे कसे वाचायचे

जुन्या इंजिनांसाठी कामचलाऊ हिशेब असा: गरम इंजिनाला दर १,००० आरपीएममागे किमान १० पीएसआय, म्हणजे सुमारे ०.७ किलोग्रॅम. ॲम्बॅसडरचं १,४८९ सीसी इंजिन बीएमसीच्या बी-सिरीज घराण्यातलं. त्याच घराण्यातल्या एमजीबीच्या पुस्तकात चालत्या गाडीला ५० ते ८० आणि आयडलला १० ते २५ पीएसआय दिले आहेत. तुमच्या गाडीचं वर्कशॉप मॅन्युअल असेल तर त्यातलाच आकडा अंतिम माना.

आकड्यांपेक्षाही त्यांची चाल जास्त बोलकी असते.

- थंडात उत्तम, गरम आयडलला १० ते १५, पळताना ४० च्या वर: इंजिन ठीक आहे. दिवा लुकलुकत असेल तर स्विच बदला. काम संपलं.
- थंडात चांगला, गरम आयडलला ५ च्या आसपास, आरपीएम वाढवल्यावर वाढतो पण ३० च्या वर जात नाही: ऑइल पातळ आहे किंवा बेअरिंग झिजली आहे. ऑइल योग्य असल्याची खात्री झाली असेल तर झिजेकडे वळा.
- थंडातही कमी, गरमातही कमी, आरपीएम वाढवला तरी फारसा हलत नाही: रिलीफ व्हॉल्व्ह उघडा अडकला आहे किंवा पंप दमला आहे. हा नमुना दिसला की निम्म्या वेळा लोक उगाच बेअरिंगकडे धावतात.
- आयडलला बरा, पण जास्त आरपीएमवर काटा थरथरतो किंवा खाली येतो: पंपाच्या तोंडाशी असलेली जाळी तुंबली आहे किंवा ऑइल कमी आहे आणि पंप हवा ओढतोय. वळणावर किंवा जोरात ब्रेक मारल्यावर दिवा चमकत असेल तर पहिला संशय ऑइलच्या पातळीवर.
- कालपर्यंत ठीक, आज एकदम शून्य: बेअरिंग झिजून दाब एका रात्रीत शून्यावर येत नाही. पंपाचा ड्राइव्ह तुटला असेल, व्हॉल्व्ह अडकला असेल किंवा गेजचाच होज तुंबला असेल.

आवाजही ऐका, पण आकड्यानंतर. लोड पडल्यावर खोलातून येणारा जाड ठोका मेन बेअरिंगचा. ॲक्सिलरेटर सोडताना येणारा हलका, जलद ठोका बिग-एंडचा. ठोका आणि कमी आकडा दोन्ही एकत्र असतील तर आता चर्चा संपली, गाडी चालवू नका.

इंजिन न उघडता बरे होणारे दोष

*रिलीफ व्हॉल्व्ह.* दाब फार वाढू नये म्हणून जास्तीचं ऑइल परत सोडणारी ही झडप. बी-सिरीज इंजिनात ती ब्लॉकच्या डाव्या बाजूला मागे, एका घुमटाकार नटामागे असते. काही इंजिनांत ती पंपाच्याच अंगात असते, मग चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं, उघडल्याशिवाय हात पोचत नाही. ॲम्बॅसडरवाल्यांनो, हे काम तुम्ही स्वतः करू शकता. खाली ट्रे ठेवा, नट सैल करा. आधी तांब्याचे वॉशर येतील, मग स्प्रिंग, मग वाटीसारखा छोटा प्लंजर. तो चिकटून राहिला तर आत स्क्रू ड्रायव्हर खुपसू नका, लाकडाची काडी हलकेच आत दाबून फिरवा आणि बाहेर ओढा.

आता तो प्लंजर उजेडात धरा. जिथे तो सीटवर टेकतो तिथे सगळीकडून सारखी, चमकदार, अखंड रेघ दिसली पाहिजे. ती एका जागी तुटलेली असेल, किंवा तिथे काळा कार्बनचा कण, पितळेचा कीस दाबला गेला असेल, तर तुमचा दाब तिथून गळत होता. रॉकेलनं धुवा, पुसा, परत सोडा. प्लंजर आपल्या वजनानं अडथळ्याविना सरकला पाहिजे. स्प्रिंगची मोकळी लांबी मॅन्युअलशी ताडून पाहा, बी-सिरीजसाठी ती ३ इंच. आखूड झाली असेल तर नवी घ्या. एवढंच करून दिवा गेल्याची उदाहरणं कमी नाहीत.

*एसी पंप.* इंजिनवरच्या यांत्रिक फ्युएल पंपाचा डायफ्रॅम फाटला की पेट्रोल थेट चेंबरमध्ये उतरतं आणि ऑइलचं पाणी करतं. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुन्या काळचं रबर त्याला टिकत नाही. इथेनॉलला चालणारा डायफ्रॅम मागूनच घ्या, पंप दुरुस्त झाल्याशिवाय नवं ऑइल भरू नका. चोक अर्धवट ओढलेला राहतो का तेही बघा. त्यानंही हळूहळू हेच होतं.

*फिल्टर.* ॲम्बॅसडरच्या डब्याच्या फिल्टरमध्ये एलिमेंटखाली एक छोटी पत्रा-चकती, वॉशर आणि स्प्रिंग असते. ऑइल बदलताना ती जुन्या एलिमेंटबरोबर कचऱ्यात जाते. मग ऑइल न गाळताच फिरतं आणि बेअरिंग खातं. पुढच्या सर्व्हिसला उभं राहून मोजून घ्या. जुनी रबरी रिंग खाचेत राहिली आणि वर नवी बसवली तर तिथून ऑइल गळेल, तेही बघा.

चेंबर उघडायची वेळ आलीच तर

चेंबर उघडणं म्हणजे हाफ इंजिन नव्हे. हा फरक मिस्त्रीला आधीच स्पष्ट सांगा: ‘चेंबर उघडून बघायचं, मला दाखवायचं, मग पुढचं ठरवू.’ काही गाड्यांत त्यासाठी इंजिन थोडं उचलून धरावं लागतं, तेवढी मजुरी रास्त आहे.

जाळी सर्वांत आधी. मागच्या कामात गॅसकेटला भरमसाट सिलिकॉन लावलं असेल तर त्याचे निळे किंवा राखाडी तुकडे जाळीवर चिकटलेले सापडतील. हा अलीकडचा रोग आहे आणि फार पसरला आहे. जाळी धुतली की दाब परत येतो. चेंबर परत बसवताना कागदी किंवा कॉर्कचं गॅसकेट आणि सीलंटचा पातळ हात, इतकंच पुरे, हे उभं राहून करून घ्या.

पंप: गिअरांची टोकं आणि झाकण यांच्यामधली फट सरळ पट्टी व फीलर गेजनं मोजा. सुमारे ०.१ मिमीच्या पुढे गेली असेल किंवा झाकणावर गिअरांनी चर पाडले असतील तर झाकण सपाट करून घ्या किंवा पंप बदला.

बेअरिंग शेल: एक बिग-एंड आणि एक मेन कॅप काढून पाहा. चांगला शेल निस्तेज राखाडी असतो, उजेडात एकसारखा. वरचा थर उडालेला असेल तिथे खालचा तांबूस धातू डोकावतो. तांबूस पट्टा दिसला की शेल संपला. आडवे खोल ओरखडे दिसले तर घाण फिरली आहे, आणि मग क्रँकवरही नखाला लागणाऱ्या रेघा असतील. शेलच्या पाठीवरचा आकडा वाचा. काही नसेल किंवा स्टँडर्ड असेल तर क्रँक मूळ मापाचा आहे. ०१०, ०२०, ०३० असेल तर तो तितके थाऊ (इंचाचे हजारावे भाग) घासून झाला आहे. शेवटच्या मापावर आलेला क्रँक पुन्हा घासता येत नाही, आणि निर्णय बदलतो.

फट: प्लास्टिगेजची तार जर्नलवर ठेवा, कॅप टॉर्क रेंचनं आवळा, क्रँक न फिरवता पुन्हा उघडा आणि चपटी झालेली तार तिच्या पाकिटावरच्या पट्टीशी लावा. साधारण ०.०३ ते ०.०७ मिमी हे ठीक. मग मायक्रोमीटरनं जर्नल दोन काटकोनी दिशांनी मोजा. दोन मापांत फरक म्हणजे क्रँक अंडाकार झालाय आणि त्याच्यावर नवा शेल घालणं वाया जाईल. पिपलानीत मायक्रोमीटर धरता येणारा निवृत्त शेजारी मिळणं अवघड नाही. त्याला बोलवा, आनंदानं येईल.

क्रँक घासायचा तर क्रँक ग्राइंडिंगचं मशीन असलेल्याकडेच द्या. गोविंदपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत हुशार लेथवाले आहेत, पण लेथवर एमरी पट्टी धरून क्रँक ‘साफ’ करून घेऊ नका. आणि एक क्रम कधीही उलटा करू नका: आधी त्या मापाचे शेल हातात, मग ग्राइंडिंग. पद्मिनीचं उत्पादन या शतकाच्या सुरुवातीला थांबलं, ॲम्बॅसडरचं २०१४ मध्ये, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनीही उतरली. हवं ते माप दुकानात असेलच असं आता धरून चालता येत नाही. शेल मुंबईहून मागवणार असाल तर ते येऊन मोजून होईपर्यंत क्रँक घरातच राहू द्या.

हे करू नका

- रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली जादा वॉशर घालून दाब ‘वाढवणं’. त्यानं झिजलेल्या बेअरिंगला काही मिळत नाही. थंडीत सकाळी मात्र फिल्टरचं सील फुटू शकतं.
- गिअर ऑइल किंवा घट्ट करणारी बाटली ओतणं. गाडी विकायच्या आदल्या दिवशी हे केलं जातं. जुनी गाडी घेताना म्हणूनच डिपस्टिकवरून ऑइल किती संथ ओघळतं ते बघा.
- डिझेल घालून इंजिन ‘धुणं’. वर्षानुवर्षांचा गाळ सुटून थेट जाळीवर येतो.
- बेअरिंग न मोजता फक्त पंप बदलणं. सैल बेअरिंगला नवा पंप थोडे दिवस झाकतो, बरं करत नाही.
- काढलेलं ऑइल नाल्यात किंवा मोकळ्या प्लॉटवर ओतणं. वापरलेलं ऑइल कायद्यानं घातक कचरा आहे. कॅनमध्ये भरून ते अधिकृत रीतीनं उचलणाऱ्या गॅरेजला द्या.

गॅरेजशी व्यवहार आणि तुमचे हक्क

जुन्या गाडीच्या कामात भांडण होतं ते बहुधा कागद नसल्यामुळे. मिस्त्री कितीही घरचा असला तरी पुढच्या गोष्टी लिहून घ्या. चांगल्या मिस्त्रीला त्याचा राग येत नाही.

- कामाआधी गरम आयडल आणि ३,००० आरपीएमचा दाब, किलोमीटरचा आकडा, कोणतं काम, किती अंदाज.
- अंदाजापेक्षा खर्च वाढणार असेल तर आधी फोन, मग काम.
- काढलेले शेल, पंप, स्प्रिंग परत मिळतील. जुना शेल हाच तुमचा पुरावा.
- ग्राइंडिंगनंतरची मापं आणि नव्या शेलचा आकडा बिलावर.

पैसे न देता गाडी मागता येत नाही हेही माहीत असू द्या. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम १७० नुसार ज्यानं वस्तूवर कौशल्याचं काम केलं त्याला मजुरी मिळेपर्यंत ती ताब्यात ठेवता येते. काम पटलं नाही, बिल पटलं नाही, तर बिलावर ‘हरकत नोंदवून पैसे दिले’ असं लिहा, गाडी ताब्यात घ्या आणि मग तक्रार करा. गॅरेजच्या दारात गाडी महिनोन्महिने उन्हात ठेवून तुमचंच नुकसान होतं.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली सदोष दुरुस्ती ही सेवेतली त्रुटी आहे. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. न सुटल्यास दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. तुम्ही जिथे राहता तिथेच तक्रार करता येते, म्हणजे इंजिन नागपुरात किंवा पुण्यात बांधून घेतलं असलं तरी भोपाळच्या आयोगात. दुसऱ्या मिस्त्रीकडून गेजचा आकडा आणि शेलचे फोटो लिहून-काढून घेतलेले असतील तर तुमची बाजू बळकट होते.

ब्लॉकच बदलायचा विचार असेल तर

‘एक तयार इंजिन आहे, टाकून देतो’ हा प्रस्ताव स्वस्त वाटतो. पण इंजिन नंबर आरसीवर आहे. बदल करण्याआधी आरटीओत विचारा, आणि बदल झाल्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार तो १४ दिवसांत कळवा. तयार इंजिनाचं बिल आणि ते कुठल्या गाडीचं याचा कागद नसेल तर ते घेऊ नका.

शिवाय १९७४-७५ च्या पहिल्या पद्मिनी आता पन्नाशीत पोचल्या आहेत. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांपुढची, मूळ स्वरूपातली खासगी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. इंजिनात मोठे फेरफार झालेले असतील तर ती पात्रता हातची जाऊ शकते. अशी नोंदणी घेतली की गाडी रोजच्या वापरासाठी चालत नाही, हेही लक्षात ठेवा. भाजी आणायला पद्मिनीच न्यायची असेल तर साध्या नोंदणीचं नूतनीकरण करत राहणंच सोयीचं. माझं मत विचाराल तर मूळ ब्लॉक फुटलेला नसेल तोवर तोच दुरुस्त करा.

नव्या बेअरिंगवर पहिल्यांदा स्टार्ट करताना

इतकं सगळं करून इंजिन पहिल्या अर्ध्या मिनिटात खराब होऊ शकतं, कारण ऑइलच्या वाटा, म्हणजे गॅलऱ्या, कोरड्या असतात. पंप बसवण्याआधी त्यात ऑइल भरायला लावा. फिल्टरही भरता येत असेल तर भरा. स्पार्क प्लग काढा, इग्निशन कॉइलची वायर सोडा आणि दहा-दहा सेकंद स्टार्टर फिरवा, मध्ये स्टार्टरला थंड होऊ द्या. गेजवर दाब दिसेपर्यंत प्लग लावायचे नाहीत. दाब येतच नसेल तर पंप पुन्हा उतरवा, ‘चालू झाली की येईल’ हे ऐकू नका.

सुरू झाल्यावर गळती बघा, तासभर चालवून गरम आयडलचा आकडा घ्या आणि बिलाच्या मागे तारखेसह लिहून ठेवा. पाचशे किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदला, जुना फिल्टर कापून त्याच्या घड्या उघडून पाहा. काळी घाण चालेल. चमकणारे तांबूस कण दिसले तर त्याच दिवशी मिस्त्रीकडे परत जा, बिल आणि फिल्टर दोन्ही बरोबर घेऊन.